अजब बंगल्यातलं गाव आणि गावातला अजब बंगला

मास्तर_आर्वी

रामराम मंडळी. लिहिणं लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

जानेवारीत शाळेची सहल नागपूरला नेली. आठवी-नववीची बेचाळीस पोरं-पोरी, आम्ही तिघं शिक्षक आणि एक एसटी. दीक्षाभूमी, रमण विज्ञान केंद्र, महाराजबाग, आणि मधे वेळ उरला म्हणून अजब बंगला, म्हणजे कागदोपत्री मध्यवर्ती संग्रहालय. माझा हिशोब पाऊण तासाचा होता. पोरं भुसा भरलेल्या जनावरांपाशी रेंगाळतील, तलवारी पाहतील, बाहेर येऊन डबे सोडतील. झालंही तसंच. फक्त नववीतला एक पोरगा काही बाहेर येईना.

आत जाऊन पाहतो तर हा मूर्ती पाहतच नव्हता, मूर्तींखालच्या पाट्या वाचत होता. मला म्हणे, "सर, राजनापूर खिनखिनी म्हंजे मूर्तिजापूरकडचं नं? माही मावशी तिकडंच देली हाय." धातूच्या जैन मूर्ती होत्या त्या. मग रामटेकजवळच्या हमलापुरीचे बुद्ध. मग आणखी एक गाव, आणखी एक. हात धरून बाहेर आणला. एसटी बुटीबोरीच्या पुढं आली तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, "सर, थे सारं गावागावाचंच हाय. मंग तथी कोनं नेलं? अन् वापस कवा आनतेत?"

सगळी बस हसली. मीही हसलो. रात्री मात्र झोप येईना.

आता मुद्दा. आमच्या गावात जुन्या शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. दीड फुटी भिंती, वर कवेलू (कौलं), पुढं लांब सपरी. पाडून सभागृह बांधावं असं काही जण म्हणतात. आम्ही चार टाळकी म्हणतो, तिथं गावाचं छोटं कलादालन करू. सरपंचताईंनी एकच प्रश्न विचारला, "करा. पन ठेवसान काय?"

तर अजब बंगला कसा उभा राहिला हे कोणाला नीट ठाऊक असेल तर सांगा. आणि आमच्यासारख्या गावात असं काही करण्यात अर्थ आहे का तेही.

पऱ्हाटी

पयले कवेलू फेरून घ्या मास्तर. मंग कलादालन. वांदरं कोनाचीच कला पाहात नाईत.

झिरोमाइल

मास्तर, उत्तर एका वाक्यात मावणार नाही.

मध्य प्रांत १८६१ साली तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. पुढच्या वर्षी रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर म्हणून आला. नवा प्रांत, नवा साहेब. आपल्या ताब्यात नेमकं काय आलंय ते त्याला जाणून घ्यायचं होतं. जंगल किती, कोळसा कुठं, कापूस कसा, माणसं कोण, देव कोणते. १८६३ चं संग्रहालय या मोजणीतून निघालं. म्हणूनच आजही आत गेलं की एका दालनात पक्षी, दुसऱ्यात शिळा, तिसऱ्यात शस्त्रं, पलीकडं गोंडांच्या वस्तू आणि मग चित्रदालन. मुंबईच्या जहांगीरसारखी ही जागा चित्रांसाठी उभी राहिली नाही. प्रांताची झडती घेताना जे हाती लागलं ते मांडून ठेवलं, त्यात कलाही आली.

दोनच वर्षांनी, डिसेंबर १८६५ मध्ये, नागपुरात मोठं प्रदर्शन भरलं होतं. कलाकुसर, कारखानदारी आणि शेतमाल असं सगळं एका मांडवात. कापसाच्या बोंडाशेजारी विणलेलं लुगडं. त्या काळी कला आणि माल यांत आजच्यासारखी भिंत नव्हती हे त्यावरून कळतं.

अजून एक माणूस सांगायचा राहिला, स्टीफन हिस्लॉप. नागपुरातल्या कॉलेजला ज्याचं नाव आहे तोच. मिशनरी, पण दगडांचा आणि जीवाश्मांचा वेडा. वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याचे जीवाश्म त्याच्यामुळंच जगाला कळले. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे पुरातन कबरींभोवतीची दगडांची वर्तुळं, पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून तो गेला. म्हणजे ज्या वर्षी संग्रहालय सुरू झालं त्याच वर्षी. तुमची एसटी बुटीबोरीवरून गेली असेल तर टाकळघाट तिथून हाकेच्या अंतरावर. पोराने प्रश्न विचारला तो त्याच भागात, बघा.

संत्रीबाग

आमच्या आजीच्या मते त्याला अजब बंगला म्हणायचं कारण एकच. "जित्ता वाघ महाराजबागेत फुकट दिसे अन् मेलेला पाहाले इथं तिकीट. अजब नाई तं काय!"

झिरोमाइल

@संत्रीबाग, आजीला दंडवत. १८६३ पासूनच्या सगळ्या अहवालांपेक्षा हे बरं.

आणि मास्तर, "कोणं नेलं" याचं कायद्यातलं उत्तरही देऊन टाकतो. १८७८ चा निखात निधीचा कायदा. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. वावरात नांगराला हंडा लागला, तो तहसीलात गेला, तिथून जिल्ह्याला आणि बहुतेकदा नागपूरला. नाण्यांचे साठे असेच गोळा झाले. त्याच्या आधीचा किस्सा गुंगेरियाचा. बालाघाटकडं १८७० मध्ये गुरं चारणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून तांब्याचं काहीतरी डोकावताना दिसलं. उकरलं तर तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पातळ तुकडे. त्यातला काही भाग नागपूरला राहिला, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. बालाघाट आज मध्य प्रदेशात, वस्तू महाराष्ट्रात आणि इंग्लंडात. १९५६ ला राज्यं बदलली, पेट्या जिथल्या तिथं राहिल्या.

पऱ्हाटी

दहा रुपये! आता दहा रुपयात भज्याची पुडी येत नाई अन् तव्हा आख्खा हंडा जाये.

कापूसकोंड्या

झिरोमाइल भाऊंनी ब्रिटिश म्युझियमचं नाव काढलं म्हणून लिहितो. नागपूरजवळ जुनापाणी आहे, काटोल रस्त्याला. तिथंही शिळावर्तुळं. १८६७ मध्ये ती खणली रिव्हेट-कार्नॅक नावाच्या साहेबानं. हा कोण? तर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा कापूस कमिशनर! म्हणजे दिवसा गाठी मोजायच्या आणि सवड मिळाली की आपल्या पूर्वजांच्या कबरी उकरायच्या. निघालेलं सामान गेलं लंडनला.

जसा कापूस गेला तसंच हेही गेलं. मुंबईच्या बंदरातून, बहुतेक सारख्याच खुणेच्या पेट्यांत. (ही शेवटची ओळ माझी कल्पना, पुरावा मागू नका.)

तुमच्या पोराला सांगा, राजनापूरच्या मूर्ती नागपुरातच थांबल्या हेच नशीब समज. एसटीनं जाऊन पाहता तरी येतात.

सदाशिव_पेठी

वाचतोय, छान माहिती. पण भावनेच्या भरात एक गोष्ट विसरली जातेय. त्या मूर्ती गावात राहिल्या असत्या तर आज असत्या का? पावसात झिजल्या असत्या, कोणी शेंदूर फासला असता, नाहीतर चोरांनी लांबवल्या असत्या. संग्रहालयानं त्या वाचवल्या. दोन खोल्यांचं गावठी कलादालन ही कल्पना गोड आहे पण व्यवहार्य नाही. सुरक्षा, विमा, तापमान, कर्मचारी. हे कोण बघणार?

संत्रीबाग

"गावठी" शब्द वापरल्याबद्दल सदाशिवरावांना सावजी रस्सा पाजण्यात यावा. तिखट कमी न करता.

वैनगंगाकाठ

@सदाशिव_पेठी, शेंदूर फासला असता म्हणता, पण फासलेला शेंदूर म्हणजे कोणीतरी रोज त्या मूर्तीपाशी जातं. काचेच्या पेटीतल्या मूर्तीला बोट तरी लावता येतं का?

मी वडसा देसाईगंजचा. आमच्याकडं चामोर्शी तालुक्यात मार्कंडा आहे. वैनगंगा तिथं उत्तरेला वळते, काठावर देवळांचा समूह, भिंतभर कोरीव काम. वीज पडून मुख्य देवळाचं शिखर ढासळलं त्याला दोनशेच्या वर वर्षं झाली. पुरातत्त्व खात्याचा कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात तिथं येऊन नोंदी करून गेला. तरी ते सगळं तिथंच आहे. महाशिवरात्रीला लाखानं माणूस येते, नदीत डुबकी मारते, भिंतीवरच्या सुरसुंदरीपाशी बसून शिदोरी सोडते. याला कलादालन म्हणायचं की नाही?

आता तुमच्या वाट्याचंही बोलतो. झीज होते, खरं आहे. दुरुस्ती वर्षानुवर्षं चालते, तेही खरं. पण "गावात राहिलं असतं तर गेलं असतं" हे वाक्य सरसकट लावू नका.

दुसरं, सरपंचताईंच्या "ठेवसान काय" याला माझं उत्तर. झाडीपट्टीचे पडदे! दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडं नाटकांचा हंगाम. एकेका रात्री एकेका गावात, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्तानं, मंडईच्या (जत्रेच्या) निमित्तानं. वडशात कंपन्यांची कार्यालयं ओळीनं. त्या नाटकांचे रंगवलेले पडदे पाहिलेत कधी? राजवाडा, जंगल, रस्ता, झोपडी. माझ्या लहानपणी जंगलाचा पडदा खाली आला की पुढं बसलेले आम्ही अंग चोरायचो, वाघ येणार म्हणून. आता छापील फ्लेक्स वाढले. जुना पडदा फाटला की धान झाकायला जातो. कोणत्याही संग्रहालयात मी अजून असा पडदा पाहिला नाही.

तान्हापोळा

वैनगंगाकाठ, "धान झाकायला" वाचून पोटात खड्डा पडला. आमच्याकडं लाकडी बैलांचं हेच झालं. आजोबा सुतार होते. सागाचे बैल करायचे, चाकांवरचे, वितीएवढ्यापासून ते दोन पोरं बसतील एवढ्यापर्यंत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं सजवलेले बैल घेऊन घरोघर, बोजारा (खाऊ-पैसे) मागत. नागपूर, वर्धा, भंडारा भागाबाहेरच्या लोकांना हे सांगावं लागतं म्हणून लिहिलं. भोसल्यांच्या काळापासूनची रीत.

आजोबांचा एक मोठा बैल होता, डोळ्यांत काचेच्या गोट्या बसवलेला. मी सासरी आल्यावर आईनं घर आवरलं, बैल भंगारवाल्याला. आईला दोष देत नाही. तिच्या लेखी ते मोडकं खेळणं होतं. कोणी तिला कधी सांगितलंच नाही की ही कला आहे.

मास्तर, बैल ठेवा.

सेवाग्राम_रोड

उशिरा आलो. तुमच्या जिल्ह्यातच उत्तर पडलं आहे मास्तर, नागपूरला कशाला गेलात? 🙂

वर्धेला मगनवाडी. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झाला, जमनालाल बजाजांनी जागा दिली, मगनलाल गांधींच्या नावावरून मगनवाडी. कुमारप्पा तिथं बसून खेड्याचं अर्थशास्त्र मांडायचे. तिथलं मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते उघडलं. अजब बंगल्याच्या पुढं हे ठेवून पाहा. तिथं साहेबांनी खेड्यातून वस्तू उचलून राजधानीत मांडल्या. इथं खेड्यातल्या माणसाच्या हातची अवजारं, चरखे, खादी, घाणी त्यालाच दाखवायला मांडली, की हे असं सुधारता येतं, हे असं करता येतं. पाहून घरी जा आणि कर. पंचाहत्तर वर्षांत दोन संग्रहालयं, आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला.

आणि इमारतीचंच म्हणाल तर सेवाग्राम. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगावला आले. (तेव्हा शेगावच. गजानन महाराजांच्या शेगावला टपाल जाऊ लागलं म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम केलं.) अट अशी की घर बांधायचं ते आसपास मिळणाऱ्या सामानात, गावच्याच माणसांच्या हातानं. आदी निवास उभं राहिलं, मग मीराबेनची कुटी, जी पुढं वाढवून बापू कुटी झाली. माती, बांबू, कवेलू. आत जाऊन भिंती नीट पाहा. मीराबेननं ओल्या मातीत उठावाची चित्रं काढली आहेत, ताडाची झाडं, चरखा, ॐ. शेण-मातीनं भिंत सारवताना ती जपावी लागतात. मला विचाराल तर विदर्भातलं सगळ्यात मोलाचं भित्तिचित्र ते. त्याला वेगळी इमारत नाही. इमारत हेच चित्र.

झिरोमाइल

सेवाग्राम_रोड, बाकी मान्य पण मगन संग्रहालयाला कलादालन म्हणणं ओढूनताणून आहे. तो उद्योगाचा संग्रह. घाणी म्हणजे शिल्प नव्हे.

सेवाग्राम_रोड

तुम्हीच तर वर लिहिलंत की १८६५ मध्ये कला आणि माल यांत भिंत नव्हती! मग ती १९३८ मध्ये कोणी घातली?

बरं, "खरी" कला हवी तर देवी प्रसाद. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकलेले. १९४४ मध्ये सेवाग्रामला नई तालीमच्या शाळेत चित्रकला शिकवायला आले आणि १९६२ पर्यंत राहिले. स्वतः चित्रकार, पुढं कुंभारकामात मोठं नाव. पोरांच्या चित्रांकडं ते चित्रं म्हणून पाहायचे, दुरुस्त करायच्या वह्या म्हणून नव्हे. मास्तर, तुम्ही शिक्षक आहात, हा मुद्दा तुमच्यासाठी.

खानदेशी_भरीत

नंदलाल बोसांचं नाव निघालं आणि फैजपूर नाही? डिसेंबर १९३६, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, आमच्याकडं. गांधीजींनी बोसांना बोलावून सांगितलं, सजावट गावच्याच वस्तूंची हवी. बांबू, तट्टे, मातीची मडकी यांतून नगर उभं केलं. अधिवेशन संपल्यावर मोडलं. तीन-चार दिवसांचं कलादालन. टिकवायचा हट्टच नाही.

संत्रीबाग

फैजपूर विदर्भात नाही. खानदेशानं आधी वांग्यावर हक्क सांगितला, आता कलादालनावर.

खानदेशी_भरीत

वांगं आमचंच. बामणोदचं. चर्चा बंद.

पऱ्हाटी

चर्चा कायची बंद, आमच्याकडं पऱ्हाटीच्या काड्यावर भाजते वांगं. तुमच्याकडंही पऱ्हाटीच लागते नं? मंग भरीत कोनाचं? पऱ्हाटीचं!

सदाशिव_पेठी

सावजी रस्सा मान्य, पण पाहुणचार म्हणून. "गावठी" मागे घेतो.

माझा प्रश्न मात्र उभाच आहे. सापडलेली वस्तू गावात ठेवून नीट सांभाळली गेली, असं विदर्भातलं एक उदाहरण द्या. मार्कंडा हे देऊळ झालं. उकरून निघालेली वस्तू हवी.

सेवाग्राम_रोड

पवनार. वर्ध्यापासून पाच मैल, धाम नदीकाठी. विनोबा १९३८ मध्ये तिथं राहायला गेले. जमीन खणताना त्यांना एक कोरीव शिळा लागली, भरत-रामाच्या भेटीची म्हणून त्यांनी ओळखली. गीतेवरच्या प्रवचनांत जे मनात होतं ते दगडात हाती आलं असं त्यांना वाटलं. ती आश्रमातच बसवली, पूजा होते. आणखीही वाकाटककालीन शिल्पं तिथल्याच मातीतून निघाली, ती आश्रमातच आहेत. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असं मांडलं, त्याला या शिल्पांचाही आधार होता. दृश्यं नेमकी रामकथेतली की दुसरी कोणती, यावर अभ्यासकांत वाद आहे. वाद घालायला त्यांना पवनारला यावं लागतं. 🙂

सदाशिव_पेठी

शरण. पुढच्या खेपेला नक्की जाणार.

झिरोमाइल

पवनारचं उदाहरण जबरदस्त. त्याच्या उलट उदाहरण मनसरचं. रामटेकच्या अलीकडं. तिथली बुटकी, जटाभार वाहणारी सुंदर शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जगभरची माणसं तिला पाहतात, मनसरचा माणूस फोटोत पाहतो. १९९७-९८ पासून मनसरला उत्खनन झालं, वाकाटकांचे मोठे विटांचे अवशेष निघाले. ते जागेवर आहेत. मूर्ती मात्र हजार किलोमीटर लांब.

मी कोणत्या बाजूचा, हे मला स्वतःलाच कळेनासं झालंय. दिल्लीत ती मूर्ती पाहिली नसती तर मी मनसरला कधी उतरलोच नसतो.

चुना_विटा_माती

सगळे वस्तूंवर बोलताहेत, इमारतीवर कोणीच नाही. मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करतो, तर चार शब्द.

मास्तर, ती खोली पाडू देऊ नका. दीड फुटी भिंत आणि कवेलू यांना मे महिन्यातल्या पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीत जे जमतं ते स्लॅबला जमत नाही. साहेबांच्या बंगल्यांना उंच छत आणि भोवती व्हरांडा उगाच नसायचा. भिंतीवर थेट ऊन पडूच द्यायचं नाही, हीच युक्ती. तुमची सपरी तेच काम करते. ती बंद करून खोली वाढवायचा मोह होईल, करू नका.

पाया पाहून घ्या. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. भिंतीला तिरकी भेग असेल तर बहुतेक तीच कारण. भिंतीच्या बुडाशी पाणी साचू न देणं हा अर्धा इलाज.

गिलावा चुन्याचा असेल तर त्यावर सिमेंट थापू नका. जुनी भिंत श्वास घेते. सिमेंटनं तोंड बांधलं की ओल आत कोंडते आणि पोपडे येतात. लोक म्हणतात "जुनी भिंत खराब निघाली". नाही हो, मारली.

चित्रं टांगायची तर भिंतीला चिकटवू नका, मागं बुचाचे तुकडे लावून चार बोटं पुढं ठेवा, हवा खेळली पाहिजे. पश्चिमेच्या खिडकीसमोर कागदावरचं काहीही नको, दोन उन्हाळ्यांत रंग उडतो. जमिनीवर काही ठेवायचं तर खाली विटा आणि फळी. वाळवी आधी फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यापासून सुरुवात करते, म्हणून महिन्यातून एकदा फ्रेम उलटी करून पाहायची.

आणि पऱ्हाटी भाऊ बरोबर बोलले. पहिलं काम कवेलूच.

पऱ्हाटी

पाहा! इंजिनेर मानूस सांगून रायला.

मास्तर_आर्वी

सगळ्यांचे आभार. एवढं वाचून सरपंचताईंना पवनारचं आणि सेवाग्रामचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "थे विनोबा अन् गांधी. आपल्यापाशी कोन हाय?" मी गप्प.

कवेलूचं काम मार्चमध्ये धरतो. बाकी पाहू.

संत्रीबाग

मास्तर, "बाकी पाहू" हे विदर्भाचं अधिकृत ब्रीदवाक्य आहे.

तान्हापोळा

धागा वर काढतेय. श्रावण लागला. मास्तर, कवेलू फेरले का?

मास्तर_आर्वी

फेरले. आणि सांगण्यासारखंही थोडं आहे.

तुमचा "बैल ठेवा" हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवला होता. पोळ्याच्या दहा दिवस आधी पोरं गावात फिरली, घरोघर जुने लाकडी बैल मागायला. पाच-दहा येतील वाटलं होतं. सत्तेचाळीस आले! एकाला शिंगं नाहीत, एकाची तीन चाकं बाजेच्या पायाच्या लाकडाची, एकाच्या पाठीवर आजोबांनी कोरलेलं साल आहे, १९५२. एका म्हातारीनं स्वतः आणून दिला, खोलीभर फिरली, आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या घरच्या बैलाकडं बोट करून म्हणाली, "हा आमच्या इथल्याच सुताराचा हात हाय. खांदा पाहा नं." तोवर आम्हाला कोणालाच कळलं नव्हतं की अकरा बैल एकाच हातचे आहेत. ते वेगळे काढून एका फळीवर मांडले.

वैनगंगाकाठ, तुमचा पडदा मिळाला नाही. पण गावातल्या हौशी मंडळाचा एक जुना मिळाला, राजवाड्याचा. मागच्या भिंतीवर लावलाय. चार बोटं पुढं. :)

पाट्या त्याच पोराला लिहायला दिल्या. त्यानं अजब बंगल्यातल्यासारख्याच केल्या. वस्तू, लाकूड, गाव, कोणाच्या घरची. मी तपासायला गेलो तर प्रत्येक पाटीवर खाली आणखी एक ओळ होती.

"वापस: पोळ्याच्या दिवशी सकाळी."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांना बैल लागणारच.

झिरोमाइल

मास्तर, त्या पाटीचा फोटो टाका. मोठा टाका.

कापूसकोंड्या

एक प्रत लंडनला पाठवा.

सदाशिव_पेठी

पोळ्याच्या आदल्या दिवशी नागपूरला उतरतोय. आर्वीला पोचायला संध्याकाळ होईल. खोलीची चावी कोणाकडं असते?

मास्तर_आर्वी

चावी त्या म्हातारीकडं. समोरच राहते. दार उघडून देईल, पण आधी खांदा दाखवल्याशिवाय सोडणार नाही, तेवढा वेळ घेऊन या.

पऱ्हाटी

अन् येताना वर पाहून या. काल दोन वांदरं सपरीवर बसून व्हते.